नामिएच्या टाकीपाशी मांडलेलं मीठ

हाकोदातेच्या ट्रामथांब्यावर तोमिएबाई रांगेत उभ्या होत्या. पुढे मत्स्यसंशोधन केंद्रातल्या दोन मुली, चिगुसा आणि मित्सुकी. बाईंचे डोळे ट्रामच्या वाटेकडे आणि कान पुढे.

"चिगुसा, नामिएचा प्रयोग फसला म्हणे?"

"फसणारच! सरांनी नुसतं डोक्यावर बसवून ठेवलं होतं. नामिए अशी नि नामिए तशी. आता बघू, सप्पोरोच्या परिषदेला कुणाचं नाव जातं."

"पण झालं काय?"

"मासे समुद्राच्या पाण्यातून गोड्या पाण्यात सोडले की पिट्यूटरी ग्रंथीतलं प्रोलॅक्टिनचं जनुक जोरात कामाला लागतं. अंगातलं मीठ निसटू नये म्हणून. हिच्या माशांचं जनुक ढिम्म! जणू अजून समुद्रातच आहेत."

"म्हणजे टाकीचं पाणी खारट होतं?"

"मला काय माहीत? उलट तिला यश यावं म्हणून टाकीपाशी शकुनाचं मीठ मीच मांडत होते."

"तू? नामिएसाठी?"

"हो, बशीत छान ढीग करून. रोज ताजं! जळत असते तर केलं असतं का एवढं?"

"नाही गं. माझी आजीपण दाराशी मांडते. जुनं मीठ मात्र पाण्यात सोडायचं, म्हणते."

"सोडत होतेच की. रीत म्हणजे रीत."

"कुठल्या पाण्यात?"

"ट्राम आली बघ."

"चिगुसा, कुठल्या पाण्यात?"

चिगुसा घाईघाईनं चढली. मित्सुकी खालीच उभी राहिली, आणि तिच्यामागे तोमिएबाईही.