जीपची पायरी

सातिवलीच्या गॅरेजात स्कूटरचं पंक्चर निघेपर्यंत शत्रुघ्न बाकावर टेकला होता. शेजारी सांडोरचे ज्युलियस आणि त्यांची लेक नताशा. समोर त्यांची घरची जीप.

“मिस्त्री, ही पायरी काढून टाका. हिमालयात स्पितीला जायचंय,” नताशा म्हणाली.

“बाय, आधीच गाडी चार बोटं उंच केलीस. आता मम्मी चढणार कशी?”

“ती कुठे येतेय, डॅडी? स्वतःच म्हणाली, तुम्ही जा, मी कोंबड्या सांभाळते.”

“केव्हा म्हणाली?”

“झाला की महिना.”

“तू हे मोठे टायर घालून आणलेस, त्या संध्याकाळी. आदल्या दिवशी स्वेटरसाठी लोकर घेऊन आली होती.”

“मला वाटलं, तिला थंडी सोसत नाही.”

“गुडघे सोसत नाहीत. हल्ली चर्चला रविवारच्या मिसालापण रिक्षाने जाते. देवळाच्या दारात चारचौघांसमोर मी उचलून उतरवायचं, त्याची लाज वाटते तिला.”

शत्रुघ्नची स्कूटर केव्हाच तयार झाली होती, पण त्याचा पाय निघेना.

“मिस्त्री, याहून खाली येणारी पायरी मिळते?”

“मिळते, मॅडम. पण तिथल्या दगडांना पहिली तीच घासणार.”

“घासू दे.”