परतीचा पैसा

मुलांनो, डोळे मिटा आणि माझ्याबरोबर खोपोलीला चला. साल एकोणीसशे पंचावन्न. श्रावणातली दुपार आहे, पण आभाळ इतकं खाली आलंय की पोस्टात दिवा लावलाय. आत म्हातारे दत्तोबा मास्तर फोन दोन्ही हातांनी धरून उभे आहेत. बाहेर पायरीवर आठ वर्षांची ठकू बसली आहे. तुम्ही तिच्या शेजारी बसा. तिला जेवढं ऐकू येतंय, तेवढंच तुम्हालाही येईल.

हॅलो? … हॅलो, पिंपरीचा कारखाना का? … मला रंगराव पाहिजेत, बाटल्या भरायच्या खात्यातले. … हो, ज्यांची बायको मागच्या महिन्यात वारली, तेच. … थांबतो. लवकर बोलवा हं, ट्रंक कॉल आहे.

… रंगराव? अरे, मी दत्तोबा मास्तर बोलतोय, शेजारचा. … नाही नाही, अपघात वगैरे काही नाही. खोपोलीला पोहोचलो. ठकू बरी आहे. … म्हणजे, बरी आहे असं म्हणायचं.

… ऐक तर. सकाळी ज्योतीरामचा ट्रक दारात आला आणि तू म्हणालास, मास्तर, तुम्ही जा बरोबर, तिला सांगा घाट बघायला चाललोय. मी सांगितलं. पोर चहासुद्धा न पिता वर चढली. … हो, खूश. फार खूश. त्याचंच तर वाईट वाटतंय.

… वडगाव सुटलं नि डोंगर दिसायला लागले, तशी खाली बसेचना. धबधबे मोजत होती. सतरा मोजले, मग धुकं आलं. तर म्हणते, उरलेले येताना मोजू. … हो. येताना. … मी आपला कणीस सोलत बसलो. खंडाळ्याला खाली बोगद्यात आगगाडी शिरताना दिसली, तेव्हा हसली रे. आई गेल्यापासून पहिल्यांदा.

… इथं तिच्या मावशीकडे? नाही, अजून नेलं नाही. … अरे, नेतो म्हणालो होतो, पण … ऐक ना. घाटात शिंगरोबाचं देऊळ लागतं ना? … हो, ज्या धनगरानं घाटाची वाट दाखवली, त्याचं. ज्योतीराम तिथं थांबल्याशिवाय खाली उतरत नाही. त्याची आपली एक रीत आहे. गाडीतल्या प्रत्येकाला भोकाचे दोन पैसे देतो. एक उतरताना देवाला, दुसरा परत चढताना. … तेच सांगतोय. मला दोन दिले, स्वतःला दोन ठेवले. ठकूच्या हातावर एकच.

… नाही, विसरला नाही. तिनं विचारलं, काका, माझा परतीचा? तर हा चाक बघायच्या निमित्तानं खाली वाकला. मी नंतर रागावलो त्याच्यावर. म्हणाला, मास्तर, पोरीशी खोटं बोललोही असतो, पण देवाच्या दारात कसं बोलू?

… नाही, रडली नाही. रडली असती तर मी फोन केला नसता. एवढंच म्हणाली, "मास्तर, तुम्ही मला इथं ठेवायला आणलंय ना?"

… मी? चाळीस वर्षं पोरांना खरं बोला म्हणून शिकवलं. खाली उतरलो नि सरळ पोस्टात येऊन तुला फोन लावला.

… हो, हो … अरे, मला कळतं. तुझी रात्रपाळी, घरात बाईमाणूस नाही. सरुबाई मावशी मायेची आहे, मान्य. मी कुठं नाही म्हणतोय? … पण फसवून टाकून यायचं … बरं, 'ठेवून' म्हण.

… माझं म्हणणं एवढंच. तुझी रात्रपाळी असेल तेव्हा आमच्याकडे झोपेल. आमची दुर्गाबाई दोन भाकरी जास्त थापेल, आणखी काय? सकाळी शाळेत मी सोडीन. … दिवाळीपर्यंत तर बघू. … का नको? … तोंडावळा आईचा आहे म्हणून? समोर आली की बघवत नाही?

… रंगराव? … अरे, रडतोयस का? … रड बाबा. … ती? बाहेर पायरीवर आहे. ऐकू जात असेल. जाऊ दे, आता तिच्यापासून काही लपवायचं नाही.

… कोण? एक्स्चेंज? … तीन मिनिटं झाली? बाई, आणखी तीन द्या. … मागे माणसं खोळंबलीत? मग एकच शब्द, बाई. … रंगराव, ऐकतोयस? आणू का परत? … काय? … मोठ्यानं बोल. … हॅलो? … हॅलो?

लाइन तुटली होती. मास्तर फोन ठेवून बाहेर आले. पायरीवर कोणी नव्हतं.

ठकू ट्रकपाशी होती. शिंगरोबापुढे तिनं नुसते हात जोडले होते. पैसा टाकलाच नव्हता, मुठीत धरून घाट उतरली होती. तिनं वेणीची रिबीन सोडली, पैशाच्या भोकातून ओवली आणि गळ्यात बांधली. मावशीकडे न्यायला खाली उतरवलेलं आपलं बोचकं वर ढकललं, मागोमाग स्वतः चढली आणि ज्योतीरामला म्हणाली, "काका, सतरा मोजून झालेत. आता उरलेले."