नवसाचं ब्लाऊज

तुम्ही हसाल, पण मी देवीला बोलून बसले होते, या नवरात्रात स्वतः शिवलेलं ब्लाऊज घालूनच ओटी भरीन. आमचे हे अर्धांगानं अंथरुणाला खिळल्यापासून मी शुक्रवार धरलेत, त्यातच हाही नवस.

पहिल्या खेपेला दोन्ही बाह्या एकाच हाताच्या कापल्या गेल्या. बाजारातून पुन्हा कापड आणलं. या वेळी ठेवणीतलं ब्लाऊज मापाला घेऊन शिवलं, तर ते खांद्यावरून घसरायला लागलं. उसवलं, परत शिवलं, तरी तेच. देवीला माझ्या हातचं नकोच असेल, असं वाटून रडू आलं.

शेवटी शेजारी शिवणकाम करणाऱ्या शांताबाईंना घरी बोलावून दाखवलं. त्यांनी ते उलटं करून पाहिलं.

"वैनी, शिलाई बरोबर हाय. मापाचं ब्लाऊज कवाचं?"

"हे चालते-फिरते होते तेव्हाचं."

"मंग? तुमीच लई वाळलाव. जास्तीचं कापून टाका."

तेवढ्यात खाटेवरून हे अडखळत बोलले, "कापू नको. आत दाब."

मी कापड आत दाबून टीप मारली आणि तेच ब्लाऊज घालून देवीची ओटी भरून आले. हे हिंडायला लागले की ती टीप उसवायचीय.