पैलवानाच्या पोटात अन्न ठरेपर्यंत

सिंगापुरात, बिशान भागातल्या प्राण्यांच्या दवाखान्यात आमच्या मांजरीच्या लशीसाठी बसले होते. शेजारी सासू-सून आणि सासूच्या मांडीवर ओंजळीएवढा कुत्रा, पैलवान.

"आई, याच्या गळ्यातल्या गाठींचा रिपोर्ट येईपर्यंत खाली जाऊन चहा तरी घ्या."

"नको."

"याच्या उलट्या सुरू झाल्यापासून तुम्ही चहाला शिवला नाहीत. चिडलात माझ्यावर?"

"छे गं. याच्या पोटात अन्न ठरेपर्यंत चहा सोडलाय मी."

"कुत्र्यासाठी नवस? तुम्ही तर म्हणायचात, घरात हा तरी राहील नाहीतर मी!"

"तेच सांगितलंय देवाला, माझं बोलणं मनावर घेऊ नकोस."

"मग कारलं सोडायचं ना!"

"नावडतं सोडून देव फसतो होय?"

तेवढ्यात नर्स आली नि इथल्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "पैलवान? रिपोर्ट ओके लाह! थ्रोट इन्फेक्शन ओन्ली." तिने बशीत थोडं मऊ खाणं ठेवलं. पैलवानाने बशी चाटूनपुसून साफ केली.

"आई, रडताय काय? चला चहाला!"

"थांब. ठरू दे आधी."

"ठरलं वाटतं."

"वाटतं नको. अजून जरा बसू." मग हळूच, "ऋता, खाली चहात आलं घालतात का गं?"