सासऱ्यांचा बास मी सुधारला

...नाही, तुम्हीच सांगा, माणसानं चांगलं करायला जावं आणि तीन आठवडे घरात कुणी धड बोलू नये, ही कुठली रीत? आणि बायको बोलली नाही तर मी समजू शकतो, ती वर्षातून चार-पाच वेळा बोलत नाहीच, त्याची सवय आहे मला, पण सासरे! जो माणूस मी दारात दिसलो की "या जावईबापू, बसा जावईबापू, पंखा वाढवू का जावईबापू" असं करायचा, तो माणूस मला बघून नुसता हसला हो. नुसता हसला! त्यापेक्षा दोन शिव्या घातल्या असत्या तर मी पोटभर जेवलो असतो. माझा हेतू चांगला होता हो! शपथेवर सांगतो, हेतू अगदी चांगला होता.

आता हे सगळं कशावरून, तर बासवरून. बास म्हणजे ती चार जाड तारांची विजेवरची गिटार, गाण्याच्या तळाशी धुम्म धुम्म करत असते ती. बंद पडेपर्यंत कुणाला ऐकू येत नाही. म्हणजे आपल्या घरातल्या फ्रीजसारखं. आमचे सासरे एका हॉटेलच्या जेवणाच्या हॉलमध्ये, दर शनिवारी, बँडमध्ये हा बास वाजवतात. एकतीस वर्षं! नोकरी केली, निवृत्त झाले, सासूबाई गेल्या, गुडघे गेले, पण शनिवार चुकला नाही. शनिवारी सकाळी आठलाच इस्त्री तापायला ठेवतात, कार्यक्रम संध्याकाळी सातला! एका शर्टाला किती वेळ लागतो? पण नाही, कॉलर झाली की बाह्या, बाह्या झाल्या की पुन्हा कॉलर. सासूबाई गेल्यापासून तेवढा एक दिवस त्यांच्या अंगात जीव असतो, बाकीचे सहा दिवस ते त्या दिवसाची वाट बघतात. हे मला माहीत होतं. माहीत असून मी माती खाल्ली, हेच तर म्हणतोय.

झालं काय, त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. दोन आठवडे घराबाहेर पडायचं नाही. तर मला म्हणाले, "जावईबापू, तेवढ्यात बास जरा उघडून बघाल का? वायर खोचतो तिथं खरखर येते." बस! एवढंच! एक टाका! सोल्डरचा एक टाका घालायचा होता हो!

पण तुम्हाला सांगतो, मी पडलो वॉशिंग मशीन दुरुस्त करणारा. आमच्या धंद्यात एक सवय लागते, एकदा झाकण उघडलं की फक्त सांगितलेलं बघून बंद करता येत नाही. बेल्ट सैल दिसला, बदल. बेअरिंग झिजलंय, बदल. पुन्हा कोण उघडत बसणार? तर मी बास उघडला, टाका घातला, आणि तिथंच झाकण लावायचं सोडून आत बघत बसलो. काय अवस्था! टोनचं बटण गंजून एका जागी घट्ट बसलेलं, अगदी शेवटाला, म्हणजे चकचकीत आवाज सगळा बंद. तारा बघाव्यात तर काळ्याकुट्ट! त्यांच्यावर एकतीस वर्षांचा हातांचा घाम आणि मळ. घोडी, म्हणजे ज्याच्यावर तारा खालच्या टोकाला टेकतात ती, डब्याच्या पत्र्याची. आणि घोडीवरचं झाकण काढलं तर खाली काय? स्पंज! भांडी घासायचा पिवळा स्पंज, कापून, तारांच्या खाली खुपसलेला, दगड झालेला! मी म्हटलं अरेरे, या बिचाऱ्या माणसाच्या वाद्याला कुणी वालीच नाही. डोळ्यांत पाणी आलं हो माझ्या. हेतू इतका चांगला होता!

मग मी अभ्यास केला. मी काही अर्धवट काम करत नाही! वाद्यांच्या दुकानदाराकडे गेलो, तो माणूस म्हणजे ज्ञानाचा नळ, एकदा सोडला की बंद होत नाही. (नाकातून बोलतो तो.) "हे बघा, लाकूड जड तर सूर लांबतो. घोडी भरीव पितळेची बसवा, तार हलली की सगळा जोर लाकडात जाईल. मानेच्या टोकाला ती प्लास्टिकची पट्टी आहे ना, ती हाडाची लावा, मोकळी तार घंटेसारखी वाजेल. आणि तुमच्या तारा चपट्या पट्टीनं गुंडाळलेल्या आहेत, म्हाताऱ्या आहेत त्या, बद्द वाजतात. गोल तारेनं गुंडाळलेल्या घाला, बोट सरकलेलं सुद्धा ऐकू येईल!" बोट सरकलेलं सुद्धा ऐकू येईल... हे वाक्य ऐकून मला आनंद झाला हो. आनंद! त्याच वेळी उठून घरी जायला हवं होतं.

सगळं बदललं. घोडी पितळेची, पट्टी हाडाची, टोनचं बटण नवीन, लोण्यासारखं फिरणारं. तारांखालचा पिकअप, म्हणजे चुंबकाभोवती केसासारखी बारीक तांब्याची तार गुंडाळलेली असते तो, तेवढा जुना ठेवला, पण वर उचलून तारांच्या अगदी जवळ आणला, म्हणजे काही सुटायला नको! जुन्या तारा पकडीनं कटाकट कापल्या. आणि तो स्पंज... तो स्पंज मी दोन बोटांच्या चिमटीत धरून, तोंड वाकडं करून, कचऱ्यात टाकला. कचरा घेऊन जाणारी गाडी त्याच दिवशी वेळेवर आली. एरवी येते का कधी? त्या दिवशी आली!

मग आला सरावाचा दिवस. ड्रमवाल्या काकांच्या गॅरेजात. डोळ्यांवर काळा चष्मा लावून सासरे, ड्रमवर काका, कीबोर्डवर मास्तर, आणि माईकपाशी त्यांच्या गायिकाबाई. मी दारात, छाती काढून उभा, लेकीला पहिला नंबर मिळाल्यासारखा. सासऱ्यांनी पहिला सूर लावला, आणि... ट्यांऽऽव! घंटा हो, घंटा! पत्र्यावरच्या पाली पळाल्या. काका म्हणाले, "वा! अरे, तू इथंच होतास होय इतकी वर्षं?" सगळे हसले. सासरे पण हसले. पहिलं गाणं साधंच होतं, बरं गेलं. दुसऱ्या गाण्यात एक उतरती जागा आहे, आठ सूर जिना उतरल्यासारखे खाली येतात. सासरे उतरायला लागले... आणि तुम्हाला सांगतो, पहिली पायरी बरोबर, दुसरी बरोबर, तिसरीला पाय शेजारच्यांच्या घरात, चौथी नाहीच, पाचवीवर दोनदा, आणि शेवटी धप्पकन कुठंतरी तळघरात!

मास्तरांनी हात वर केला. "थांबा. आज काय वेगळं वाजवताय?"

सासरे म्हणाले, "नेहमीचंच."

"नेहमीचंच?"

"नेहमीचंच."

काका उगाच झांजेचा स्क्रू पिळायला लागले, बाई पाणी प्यायला लागल्या, त्यांची बाटली रिकामी होती तरी पीत राहिल्या. आणि मी? मी दारात उभा, माझी छाती आत कुठं गेली मलाच सापडेना. एकतीस वर्षांत जे कुणाला कळलं नव्हतं ते मी पितळ आणि हाड लावून अख्ख्या गॅरेजाला ऐकवलं होतं.

गाडीत सासरे एवढंच म्हणाले, "आवाज फार स्वच्छ झालाय हो, जावईबापू." एवढंच! "तुम्ही काय केलंत हे" नाही, "गाढवा" नाही. जावई ना मी! जावयाला गाढव म्हणता येत नाही, हा किती मोठा त्रास आहे जावयाला, कुणाला कल्पना आहे?

शनिवार आला. मी आठला मुद्दाम गेलो. इस्त्री कपाटात. म्हणाले, "पाठ धरलीय." पुढचा शनिवार, "डोळा चुरचुरतोय." बायको घरी मला म्हणाली, "बाबा दिवसभर गॅलरीत बसून असतात. काय केलंस तू?" मी म्हटलं, अगं माझा हेतू... "हेतू घाल चुलीत!" असं म्हणाली. बरोबरच आहे.

मग मी ते सगळं पुन्हा जुनं करायला बसलो. पण जुनं करणं किती अवघड असतं हो! पत्र्याची घोडी परत लावली. प्लास्टिकची पट्टी परत लावली. नवीन चपट्या तारा आणल्या, पण त्या नवीन! त्यांना एकतीस वर्षं कुठून आणू? डोक्याला तेल लावून तेच हात तारांवरून फिरवले. मशीनचं ग्रीस चोळलं. तळलेले दाणे खाल्ले आणि बोटं पुसली. जरा बद्द झाल्या. राहिला स्पंज. भांड्यांचा हिरवा घातला, फार दाबतो, टक टक वाजतं. बायकोच्या पावडरीचा घातला, दाबतच नाही. बुटातला तळवा कापला, तो वाजायच्या आधी वासच येतो. मग सोफ्याच्या गादीचा कोपरा... बायको म्हणाली, "पाहुणे आले तर कुठं बसवू?" मी म्हटलं त्या बाजूला बसवू नकोस. पण काही केल्या तो आवाज येईना हो.

शेवटी बास घेऊन सरळ सासऱ्यांकडे गेलो. म्हटलं, बाबा, मी चुकलो. तुमचा चांगला चाललेला आवाज मी घालवला. स्पंजसुद्धा टाकून दिला.

सासरे पहिल्यांदाच दचकले. "टाकलात?"

टाकला.

सासऱ्यांनी तारांखाली बोट घालून बघितलं. मग म्हणाले, "तो तुमच्या सासूबाईंनी कापला होता."

मला वाटलं जमीन दुभंगावी आणि तिनं मला पोटात घ्यावं.

म्हणाले, "मला ती उतरती जागा कधी जमलीच नाही, जावईबापू. माझी बोटं आखूड. तिसऱ्या वर्षी मी बँड सोडायला निघालो होतो. तिला एकटीला सांगितलं. ती भांडी घासत होती. हातातला स्पंज घातला सुरीखाली, केला तुकडा, आणि म्हणाली, हा खुपसा तारांखाली. लोक तिथं जेवायला येतात, तुम्हाला तपासायला नाही. टोनचं बटणसुद्धा तिनंच पार शेवटाला नेलं, म्हणाली, आता याला हात लावायचा नाही."

मी म्हटलं, बाबा, मग मला आधी सांगायचं ना!

"काय सांगू? जावयाला सांगू, की माझं झाकलेलं आहे, उघडू नका?"

रडलो मी. खोटं कशाला बोलू? चांगला पंचेचाळीस वर्षांचा घोडा, सासऱ्यांच्या गॅलरीत बास मांडीवर घेऊन रडलो. मग त्यांनीच मला पाणी दिलं, पंखा वाढवला, आणि स्वयंपाकघरातून एक नवा पिवळा स्पंज आणि सुरी घेऊन आले. बसलो दोघं. मी कापून खुपसायचं, त्यांनी वाजवायचं. "अजून दाबा... अजून... नाही, हे फार झालं, मेल्यासारखं वाटतंय... आता टोन खाली घ्या... पिकअप खाली करा जरा, फार जवळून ऐकतोय तो... हां! इथं थांबा. कुणीतरी वाजवतंय एवढं कळलं पाहिजे. काय वाजवतंय ते कळता कामा नये."

आणि धुम्म! आला हो आवाज! अगदी तस्सा नाही, पण आला. शनिवारी आठला इस्त्री तापली. कार्यक्रमात मास्तर म्हणाले, "वा, आज बास कसा गाण्यात बसला!" सासऱ्यांनी माझ्याकडे बघून मान हलवली, आणि मला तीन आठवड्यांनी भूक लागली.

आता इथं संपायला हवं होतं की नाही? पण सासरे खुशीत होते ना, त्यांनी मास्तरांना सांगितलं, "आमच्या जावयाचा हात आहे हो!" दुसऱ्या दिवशी मास्तर दारात. इकडं बघतात, तिकडं बघतात, हळूच म्हणतात, "जावईबापू, माझा डावा हात पूर्वीपासूनच जरा... स्पीकरला काही करता येईल का?" स्पीकरवर जाड टॉवेल लावून दिला. मग काका आले, "अरे, माझी लय जेवणानंतर जरा पुढं पळते..." ड्रममध्ये दोन उशा कोंबल्या. आणि काल गायिकाबाई आल्या. सोफ्याच्या त्याच कोपऱ्यावर बसल्या, खाली गेल्या, तशाच खालून म्हणाल्या, "अहो, तुम्ही सगळ्यांना मऊ करून ठेवलंत! आता अख्ख्या हॉलमध्ये फक्त मीच ऐकू येते! वरचा सूर माझा लागत नाही, हे एवढी वर्षं या तिघांच्या गोंगाटात खपून गेलं होतं. आता मी काय करू?"

आता बाईंच्या गळ्यात मी काय खुपसू? सांगा ना! तर आत्ता निघालोय हॉटेलच्या मॅनेजरकडे. म्हणणार आहे, साहेब, हॉलचे पडदे फार पातळ आहेत, मी स्वतः जाड अस्तर लावून देतो, खुर्च्यांना गाद्या देतो, आणि जमलंच तर जेवणाऱ्यांना जरा कुरकुरीत काहीतरी वाढत चला... हेतू चांगलाच आहे हो माझा!