हात हलवू नको

मी त्या पोराचं डोकं उचललं आणि मैदानाच्या त्या टोकाकडून मिलिंद ओरडला, आई, हलू नको. मला नीट ऐकू आलं नाही, वाटलं खेळाडूंवर ओरडतोय, म्हणून मी आणखी थोडं उचललं. काय सांगू तुम्हाला, एवढं थोराड पोरगं, डेक्लन नाव त्याचं, दुसऱ्याला अडवायला डोकं खाली घालून धावला, आदळला आणि चिखलात पडला तो पडूनच राहिला. मी सगळ्यांत जवळ, दोरीपाशी घडीच्या खुर्चीवर बसलेली, उठले नि पळाले, अंगात कोट, पायात सुनेचे बूट, पातळ वर धरलेलं, आणि त्याचं हेल्मेट दोन्ही हातांत धरलं. डोकं मांडीवर घ्यायचं आणि पाणी पाजायचं, एवढंच मनात. माझा लेक म्हणजे त्यांचा कोच, तो येऊन गुडघ्यांवर पडला तोवर डोकं चार बोटं वर आलेलं. एकदम हळू आवाजात म्हणाला, आई, आता खाली ठेवायचं नाही, वर घ्यायचं नाही, आहे तिथंच धर, मानेला लागलं असेल, हात हलवू नको.

हात हलवू नको असं मला जन्मात कोणी म्हणालं नव्हतं. मी तासगावची. चौथीपर्यंत शाळा, मग लग्न, मग तीस वर्षं बेदाण्याच्या शेडमध्ये निवडणीला. हिरवा इकडं, काळा तिकडं, काडी बाजूला, हात थांबला की मुकादम बघायचा. अजूनही टीव्ही बघताना माझी बोटं आपली चालूच असतात. आमचे हे हायस्कुलात पी.टी.चे मास्तर होते, कबड्डीची टीम त्यांची, आणि पोरं पडली की डोकं मांडीवर घेणं, तोंडावर पाणी मारणं, खांद्याला धरून उठवणं, हे माझं काम. कितीतरी पोरं अशी उठवली मी.

मिलिंद काटकुळा, कबड्डीच्या कामाचा नाही. शिकायला अमेरिकेला गेला, तिथल्या लहानशा कॉलेजात त्यांचा तो फुटबॉल. चेंडू लांबट, सगळा खेळ हातांचा, तरी नाव फुटबॉल. आधी पाण्याच्या बाटल्या भरल्या यानं, मग मॅचचं शूटिंग करायला लागला, मग बचावाच्या कोचचा मदतनीस झाला. पुढं नोकरी इथं आयर्लंडात, शॅननला लागली, दवाखान्याची उपकरणं बनवणाऱ्या कारखान्यात, आणि जवळच्या एका कॉलेजातल्या पोरांना हाच खेळ खेळायची हौस आली होती, शिकवायला कोणी नव्हतं, म्हणून हा हेड कोच. नाव मोठं, पण मैदान दुसऱ्या खेळाचं, मागून घेतलेलं, आणि जर्सी धुवायलासुद्धा हाच. पहिल्या वर्षी सगळ्या मॅचा हरले. दुसऱ्या वर्षी एक जिंकले, तर मला रात्री फोन करून रडला मेला.

वीस साली मी तीन महिन्यांसाठी आले आणि कोरोनानं विमानं बंद. सून नातीला घेऊन पुण्याला गेली होती, तिच्या आईचं ऑपरेशन होतं. सून तिकडं अडकली, सासू इकडं. विमानतळाचं गाव, आणि आकाशात बघावं तर फक्त कावळे. मला घरात चैन पडेना. दिवसभर खिडकी, दार, खिडकी. मिलिंदचंही तेच, कारखान्याचं काम संपलं की कॉम्प्युटरवर टीमला गोळा करायचा, पण खेळणार कुठं? मग मी आणलेले बेदाणे टेबलावर मांडायचा, हिरवे आपले, काळे त्यांचे, आणि मला डाव समजावायचा. मी म्हणायचे, तुझा कोपरा ढिला आहे, इथून कोणीही निघून जाईल. तो म्हणायचा, बाबा बोलतायत काय तुझ्या तोंडातून? तेव्हाच त्यानं सांगितलं होतं, आई, इथं कोणी पडलं तर हात लावायचा नाही, हेल्मेट काढायचं नाही, ओरडत असला तरी नाही. दोनदा सांगितलं. मी हो हो म्हणाले आणि टेबलावरचे बेदाणे निवडत राहिले.

एकवीस साली लहान लहान गटांनी सराव सुरू झाला आणि मी पण मागं लागून जायला लागले. तर तो दिवस. वरून भुरभुर पाऊस, माझे गुडघे चिखलात, बोटांना गोळे आलेले. मिलिंद समोर पालथा पडला आणि माझ्या हातांवर त्यानं आपले तळवे ठेवले. बाकीची पोरं गोल करून उभी. डेक्लननं डोळे उघडले, मिलिंदला म्हणाला, कोच, ही तुझी आई का? हो. तिला सांग, तिचे हात बर्फासारखे आहेत. मी म्हणाले, सांग त्याला, जिभेला काही झालेलं नाही याच्या. मिलिंदनं इंग्रजीत सांगितलं तशी पोरं हसली. मिलिंद म्हणाला, आई, बोल, पण हलू नको.

आणि तेव्हा मला बाबू आठवला. आमच्या ह्यांच्या टीमचा, कोपऱ्यावर खेळायचा. असाच पडला होता, असंच मी डोकं मांडीवर घेतलं, मग ह्यांनी नि मी खांद्याला धरून उभा केला, आणि तेव्हापासून त्याचा डावा हात गेला. मैदान कडक होतं असं सगळे म्हणाले. मीही तेच म्हणत आले इतकी वर्षं. अँब्युलन्स येईस्तोवर मी तेवढाच विचार करत होते, आणि हात हलवता येत नव्हते.

दवाखान्यात कळलं, मानेच्या हाडाला तडा गेलाय, आतली नस वाचली. कितीतरी महिने गळ्यात पट्टा. कॉलेजानं कॉम्प्युटरवर मीटिंग घेतली, ही म्हातारी मैदानात कशी आली? मिलिंद म्हणाला, चूक माझी, मी तिला नियम सांगितला नव्हता. मी शेजारीच बसले होते. म्हटलं, खोटं बोलू नकोस, सांग त्यांना, दोनदा सांगितला होता, हिनं ऐकला नाही.  तुझं कोचपण माझ्यापायी जायचं असेल तर खरं सांगून जाऊ दे. सांगितलं त्यानं. त्याला ठेवला, मला दोरीच्या आत बंदी. बरोबर केलं.

मग मी तासगावला बाबूला फोन लावला. म्हटलं, तुझा हात मैदानानं नाही गेला, आमच्या उचलण्यानं गेला असेल.  तो म्हणाला, वहिनी, उचललं नसतं तर तेव्हा तुम्हालाच शिव्या घातल्या असत्या मी. आणि विचारलं, ते पोरगं चालतंय का?

चालतंय. आता परत सरावाला येतं, खेळत नाही, मिलिंदच्या शेजारी कागद घेऊन उभं असतं, मला बघून दोन्ही हात चोळून दाखवतं, थंडी वाजल्यासारखं. सून आली परत, माझं तिकीट निघालंय. डेक्लन आहे, बाबू आहे, मीही आहे. आमचे हे तेवढे नाहीत, बाबूच्या हाताचं खरं ऐकायला.