चॅपलच्या दारातल्या चपला

हसू नका हां, पण कॉलेजच्या पहिल्याच आठवड्यात मला वाटलेलं, आपली ॲडमिशन गेली.

आमचं कॉलेज कॅथलिक, नवीन वर्षाच्या प्रार्थनेला सगळ्यांनाच चॅपलमध्ये बोलावलेलं. मी ठाण्याजवळच्या बाळकुमची, हिंदू घरातली, देवाच्या दारात चपला आपोआप सुटतात. आत जाऊन बसले आणि बघते तर सगळे बूट घालून!

शेजारी वर्गातली मेलिसा होती. तिला विचारलं, "अगं, मी एकटीच अनवाणी. तुमच्यात हा अपमान असतो का गं?"

"माहीत नाही यार. असं कोणी केलेलं मी तरी बघितलं नाही."

झालं! पाय बाकाखाली ओढून घेतले, तेवढ्यात प्रिन्सिपल सिस्टर सरळ माझ्याकडेच आल्या. खाली वाकून बघितलं.

"चपला कुठायत?"

"बाहेर, सिस्टर. सॉरी. आत्ता घालून येते."

"घालू नकोस, आत घेऊन ये," त्या कानाशी पुटपुटल्या आणि हातातली कापडी पिशवी उघडली. आत त्यांच्या सँडल होत्या. "ह्यात टाक. बाहेर ठेवल्या की जातात. माझ्या दोनदा गेल्यात."